सज्जन सेनानी, निष्ठुर सत्ता

साम्राज्य चालविणारे सारेच क्रूरकर्मे होते असे मानून मोकळे होणे सोपे आहे. अडचण अशी की, त्यांच्यात सुविद्य, सचोटीची आणि सहृदय माणसेही होती. फील्डमार्शल आर्चिबाल्ड वेव्हेल हे त्यांपैकी एक. स्तुतीसाठी किंवा निंदेसाठी त्यांचे चरित्र वाचण्याचे कारण नाही. जनतेला जबाबदार नसलेल्या सत्तेत सज्जन माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे त्यातून कळते, म्हणून ते वाचायचे.

१८८३ साली जन्मलेले वेव्हेल सँडहर्स्ट येथे शिकले, बोअर युद्धात लढले आणि १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर एक डोळा गमावून बसले. हा सेनानी मितभाषी आणि काव्यप्रेमी होता. मध्यपूर्वेचे सरसेनापती म्हणून त्यांनी डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या काळात लहानशा फौजेच्या बळावर लिबियाच्या वाळवंटात लाखाहून अधिक इटालियन सैनिक कैद केले. त्यांच्याच आधिपत्याखाली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर भारतीय जवानांनी, त्यांत मराठा पलटणीनेही, रक्त सांडले. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश सोमालीलँडमधून अल्प हानी सोसून सैन्य माघारी आणले, तेव्हा एवढी कमी माणसे कशी मेली, म्हणून चर्चिल संतापले. त्यावर, प्रेतांची मोठी संख्या हा उत्तम डावपेचांचा पुरावा नव्हे, अशा आशयाचे उत्तर वेव्हेल यांनी दिले. ते चर्चिल यांना कधीच विसरता आले नाही. ग्रीस व क्रीटमधील पराभवांनंतर आणि रोमेलशी झालेल्या झुंजीत अपयश आल्यावर, १९४१ च्या मध्यास त्यांची रवानगी सरसेनापती म्हणून हिंदुस्थानात झाली.

त्यांच्या चरित्रातील खरी विसंगती येथून सुरू होते. ते सरसेनापती असतानाच १९४२ च्या आंदोलनाविरुद्ध पन्नासाहून अधिक पलटणी उतरविण्यात आल्या. त्याच वर्षी, जपानी सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून, बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या किंवा नष्ट केल्या. नद्यानाल्यांच्या त्या मुलुखात होडी गेली म्हणजे मासेमारी गेली, धान्याची वाहतूक गेली आणि बाजारही गेला. युद्धखर्चापायी चलन फुगले आणि तांदळाचे भाव कित्येक पट चढले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांना स्वस्त धान्य मिळत होते. खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर यांना मात्र बाजाराच्या तोंडी देण्यात आले. १९४३ चे धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत नाहीशी झाली होती. चौकशी आयोगाने बळींचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला.

ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले. लिनलिथगो यांनी दुष्काळग्रस्त बंगालकडे फिरकूनही पाहिले नव्हते. वेव्हेल मात्र आठवड्याभरात कलकत्त्याला पोहोचले, रस्त्यावरची भूक त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि धान्यवाटपाला लष्कर जुंपले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु धान्याची जहाजे लंडनच्या हाती होती. त्यांनी पुनःपुन्हा मागणी केली. मिळाले ते उशिरा आणि अपुरे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रोजनिशीत जुलै १९४४ ची एक नोंद आहे. गांधीजी अजून मेले कसे नाहीत, असे चर्चिल यांनी तारेने विचारले होते. धान्याविषयीच्या तारेला मात्र त्यांचे उत्तर आले नव्हते. साम्राज्याच्या अर्थशास्त्रावर याहून बोलके भाष्य क्वचितच सापडेल.

पुढे जून १९४५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची सुटका करून त्यांनी सिमला परिषद बोलाविली. मुस्लिम सदस्य केवळ लीगच नेमणार, या जिनांच्या हट्टापुढे ती मोडली. अपयशाचा दोष वेव्हेल यांनी स्वतःकडे घेतला. हा प्रांजळपणा खरा. पण जिनांना नकाराधिकार मिळाला तो त्याच परिषदेत, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ॲटली यांनी त्यांना दूर केले. १९५० मध्ये ते निवर्तले.

भल्या राज्यकर्त्याची वाट पाहत बसणाऱ्या समाजाने हे चरित्र अवश्य वाचावे. वेव्हेल यांच्याजागी दुसरा कोणी असता तर बंगालमध्ये आणखी माणसे मेली असती, हे मान्य. परंतु ज्या व्यवस्थेचे ते सरसेनापती होते तिनेच लोकांच्या होड्या हिरावल्या, आणि तिचेच व्हाइसरॉय झाल्यावर त्यांना त्याच लोकांसाठी धान्याची याचना करावी लागली. उपाशी माणसाला सहृदय अधिकारी लाभणे हा दैवाचा भाग झाला. अन्नावरचा हक्क आणि सत्तेला जाब विचारण्याचा अधिकार मात्र दैवावर सोडता येत नाही. तो संघटित जनतेलाच मिळवावा आणि राखावा लागतो.