नवा भाग आणण्यापूर्वीं दोष शोधावा

यंत्र बंद पडलें कीं त्याचा एखादा भाग बदलून मोकळें व्हावें, अशी समजूत हल्लीं रूढ होत चालली आहे. विजेवर चालणाऱ्या स्केटबोर्डाच्या बाबतींत ती विशेष आढळते. फळी चालेनाशी झाली किंवा धक्के देऊं लागली, कीं "कंट्रोलर जळाला" असा निकाल तत्काळ दिला जातो आणि वडिलांकडे नव्या कंट्रोलरसाठीं पैसे मागितले जातात. आमच्या मतें ही रीत खर्चाची तर आहेच, पण धोक्याचीहि आहे. आणि विद्यार्थ्यास तर ती मुळींच शोभत नाहीं.

फळीखालच्या पेटींत बसविलेला हा कंट्रोलर, म्हणजे गतिनियंत्रक, काय करितो तें प्रथम पाहूं. बॅटरींतील वीज एकाच दिशेनें वाहते. मोटारीला मात्र ती तीन तारांतून पाळीपाळीनें द्यावी लागते. ही पाळी सांभाळण्याचें काम मॉस्फेट नांवाचे विजेचे स्विच करितात. दर तारेमागें त्यांची एक जोडी असते, व ते सेकंदास हजारों वेळां उघडझांप करितात. ब्रेकचें कामहि याच नियंत्रकाकडे असतें. ब्रेक लावतांच मोटार जनित्र बनते व वीज उलट बॅटरीकडे जाऊं लागते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें जें तत्त्व आपण वर्गांत शिकतों, तेंच येथें चाकापाशीं राबत असतें. तेव्हां गतिनियंत्रक बिघडणें म्हणजे केवळ गति जाणें नव्हे. भर उतारावर ब्रेक जाणेंहि होय. मग प्रश्न पैशांचा न राहतां हातापायांचा होतो.

आतां दोष शोधण्याचा क्रम. बॅटरी सोडविल्यावांचून पेटींत हात घालूं नये, आणि सोडविल्यावरहि कपॅसिटरांत साठलेली वीज उतरूं द्यावी. नंतर मोटारीच्या तिन्ही तारा नियंत्रकास जोडलेल्या असतांना चाक हातानें फिरवावें. तें जड व अडखळत फिरलें, आणि तारा सोडून एकमेकींपासून दूर धरल्यावर मोकळें झालें, तर एखादा मॉस्फेट जळून आरपार झाला असल्याचा संशय बळावतो. तारा सोडल्यावरहि चाक जडच राहिलें, तर दोष मोटारींत, तिच्या तारांत किंवा चाकाच्या बेअरिंगांत शोधावा.

पुढें मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावावा. त्याचें लाल टोक नियंत्रकाच्या ऋण तारेस व काळें टोक मोटारीकडे जाणाऱ्या तीन सुट्या तारांस क्रमानें टेकवावें. नंतर काळें टोक धन तारेस धरून लाल टोकानें तीच परीक्षा करावी. नियंत्रक धड असेल तर प्रत्येक परीक्षेंतले तिन्ही आंकडे जवळजवळ सारखे, सुमारें अर्ध्या व्होल्टचे येतात. एखादा शून्याजवळ आला, तर बिघाड तेथेंच आहे. सर्व आंकडे ठीक असून फळी केवळ सुरू होतांना धक्के देत असेल, तर चाकाची स्थिति सांगणाऱ्या हॉल संवेदकाच्या पांच बारीक तारा व त्यांची जोडणी तपासावी. सैल जोडणीसाठीं नवा नियंत्रक आणणें म्हणजे डोकें दुखतें म्हणून टोपी बदलणें होय.

परंतु नियंत्रक खरोखरच जळाला असें ठरलें, तरी काम अर्धेंच झालें. तो कां जळाला? पेटींत पाणी शिरलें काय? हादऱ्यांनीं वेष्टण घासून तारा एकमेकींस भिडल्या काय? बॅटरी उलटी जोडली गेली काय? कीं बॅटरी पूर्ण भरलेली असतां लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला? लिथियम-आयनचे १० घट एकापुढें एक जोडलेली बॅटरी ४२ व्होल्टांना पूर्ण भरते. मग परत येणाऱ्या विजेस जागा उरत नाहीं, दाब चढतो, आणि त्याचा मार नियंत्रकावर बसूं शकतो. कारण तसेंच ठेवून नवा नियंत्रक बसविला, तर तोहि जुन्याच्याच वाटेनें जातो.

कोणी म्हणतील, मुलांनीं अभ्यास सोडून हे उद्योग कां करावे? आमचें उत्तर असें, कीं हाहि अभ्यासच आहे. बॅटरी, नियंत्रक व तीन तारांची मोटार हेंच त्रिकूट आज आपल्या रस्त्यांवरील विजेच्या दुचाकींत आहे. स्वीडनचे अभियंते बेंजामिन वेडर यांनीं 'व्हेस्क' या गतिनियंत्रकाची रचना व आज्ञावली सर्वांस खुली केली. संगणकास जोडला असतां तो अतिदाब, अतिप्रवाह, अतिउष्णता असे आपले दोष स्वतः सांगतो. खरेदी करितांना पालकांनीं रंगरूपाआधीं हा गुण पाहावा.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी मुलांनीं उघडूं नये; ती जाणत्या कारागिराकडेच द्यावी. दुरुस्त झालेली फळीहि आधीं चाकें अधांतरीं ठेवून, मग शिरस्त्राण घालून सपाट जागीं पारखावी; ब्रेकची खात्री पटेपर्यंत उताराकडे फिरकूं नये.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं नव्या भागाचे पैसे देण्यापूर्वीं मुलास "कारण काय सांपडलें?" असें विचारावें. उत्तर मिळालें तर पैसे सत्कारणीं लागतील. न मिळालें तर फळी कांहीं दिवस कोपऱ्यांत राहिलेली बरी.