वैमानिकांच्या विवेकाला गुण कोण देतो आणि कसे?

संपादक महाशय,


सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाविषयी आणि कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराविषयी वृत्तपत्रांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले असून त्यात भर घालण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. परंतु विटा, खानापूर, आटपाडीकडील जी गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी, कुटुंबे दक्षिणेतून गावी येताना आता विमानाची वाट धरू लागली आहेत, त्यांच्या जिवाचा भरवसा ज्या एका गोष्टीवर धावपट्टीच्या लांबीइतकाच अवलंबून आहे, तिचा उच्चार मात्र कोणी करीत नाही. सहकाऱ्याचे ऐकून घेणे, परिस्थितीचे भान राखणे, घेतलेला निर्णय वेळीच फिरविणे, या वैमानिकाच्या अंगच्या गुणांचीही नियतकालिक परीक्षा होत असते. ती घेणाऱ्या परीक्षकांची मापे परस्परांशी जुळतात काय, हा तो प्रश्न होय.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत गेले व १५८ माणसे प्राणास मुकली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाचा निष्कर्ष असा की, उतरणे सोडून विमान पुन्हा वर न्यावे, असे सहवैमानिकाने तीन वेळा सांगूनही कप्तानाने अवतरण रेटले. पुढे ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला, त्याच कंपनीच्या विमानाने, तशाच टेकडीवरच्या धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग मागे पडल्यावर जमिनीला चाके टेकली. तेथेही सहवैमानिकाने सूचना केली, परंतु ती मानली जात नाही असे दिसताच नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. मृतांची संख्या २१. दोन्ही प्रसंगी वैमानिकांचे परवाने वैध होते. म्हणजे कोणा ना कोणा परीक्षकाने त्यांच्या पत्रकांवर समाधानकारक असा शेरा मारलेलाच होता.

अशा परीक्षेत विमान मध्यरेषेपासून किती ढळले, वेग किती कमी-अधिक झाला, हे सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाचा आभास निर्माण करणारे यंत्र, स्वतःच नोंदविते आणि तेथे परीक्षकाच्या मर्जीस फारसा वाव उरत नाही. पण कनिष्ठ सहवैमानिकाने ज्येष्ठ कप्तानाला ठामपणे अडविले, तर एका परीक्षकास ते कर्तव्य वाटेल आणि दुसऱ्यास उद्धटपणा. तो गप्प राहिला, तर एकास ती शिस्त वाटेल आणि दुसऱ्यास भीरुता. ज्या समाजात वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणे हाच सुसंस्कृतपणा मानला जातो, त्या समाजातून आलेला परीक्षक हे शेरे कोणत्या तराजूत तोलीत असेल, याचा विचार केल्यास माझी शंका अगदीच अनाठायी ठरू नये.

युरोपात गेल्या शतकाच्या अखेरीस, अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या ऱ्होना फ्लिन आदी मानसशास्त्रज्ञांनी, या गुणांची सहकार्य, नेतृत्व, परिस्थितिभान व निर्णय अशी चार सदरे पाडून पाच पायऱ्यांचे मापन सिद्ध केले, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रशिक्षकांना तेच चित्रित प्रसंग दाखवून त्यांच्या गुणांतील तफावत मोजली. मतभेद राहिलेच, पण किती आणि कोठे, हे तरी कळले.

असे काही आपल्याकडे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने सातारच्या सैनिक स्कूलमधील कोणाही विद्यार्थ्यास विचारावे. १९६१ साली स्थापन झालेल्या या शाळेतून मुले लष्कराच्या निवड मंडळापुढे जातात, तेव्हा मानसशास्त्रज्ञ, मुलाखत अधिकारी आणि गट चाचणी अधिकारी हे तिघे एकमेकांना न विचारता, मनसा, वाचा, कर्मणा या तिन्ही अंगांनी, त्याच पंधरा गुणांची पारख करतात आणि मगच एकत्र बसून फैसला करतात. इतकेच काय, दहावीच्या निबंधाच्या गुणांवर नजर ठेवण्यासाठीसुद्धा आमचे कोल्हापूर विभागीय मंडळ नियामक मुकर्रर करते! वैमानिकाच्या परीक्षेत मात्र बहुधा एकच परीक्षक, तोही पुष्कळदा त्याच कंपनीच्या पगारपत्रकावरचा.

सर्व परीक्षकांचे एकमत झाले म्हणजे सत्य गवसले, असा मात्र माझा दावा नाही. सगळेच मौनाला शिस्त समजत असतील तर तफावत शून्य येईल आणि विमान तरीही दरीत जाईल. म्हणून दाखविल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रफितीचे प्रमाणभूत गुण आधी कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांनी ठरविले पाहिजेत. गुणांकन ही कला आहे, तिला आकड्यांत बांधू नये, हा आक्षेपही मी ऐकून आहे. पण ज्या कलेच्या शेऱ्यावर दीड-दोनशे प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत, तिला हिशेब चुकविता येणार नाही.

तरी सातारा व सांगली येथील खासदारांनी विमानतळाच्या मागणीबरोबरच नागरी विमानवाहतूक मंत्र्यांना संसदेत एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी किती परीक्षकांना एकाच चित्रफितीवर गुण देण्यास सांगितले, आणि त्यांच्यात किती अंतर पडले. त्याचे उत्तर आपण आपल्या पत्रात ठळक जागी छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा