माकडे वाढली, हे खरे नाही

गेल्या अंकातले ‘माकडांवर कसले संशोधन करता?’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांचा संताप मला कळतो. माझीही नारळाची बाग आहे. सकाळी माडाखाली गेलो की दातांनी कोरलेली, अर्धवट पिऊन फेकलेली शहाळी पडलेली असतात. भोक एवढेसे, पण नारळ गेलाच.

तरीही ‘माकडांची संख्या बेसुमार वाढली’ हे त्यांचे विधान मान्य करता येत नाही. म्हैसूर विद्यापीठाचे डॉ. मेवा सिंग आणि सहकाऱ्यांनी म्हैसूर परिसरातल्या त्याच त्याच रस्त्यांवर वर्षानुवर्षे हिंडून आपल्याकडच्याच लाल तोंडाच्या माकडांची मोजदाद केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे पंचवीस वर्षांत तिथली माकडे ६५ टक्क्यांनी घटली. ज्याला सारे ‘मुबलक’ समजत होते, त्या प्राण्याची ही गत! रस्ते रुंद करताना कडेचे जुने वड तुटले. माकडांचे खाणे आणि रात्रीचा निवारा दोन्ही एकदमच गेले. ही जात आता धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणली जाते. मग माकडे वाढल्यासारखी का वाटतात? आसरा तुटलेले कळप गावात, देवळांपाशी, बागांत येतात आणि नजरेत भरतात.

हे कुणीतरी चिकाटीने मोजले म्हणूनच कळले. नुकसानभरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे, या मागणीत मी पत्रलेखकांसोबत आहे. पण तिच्या जोडीने कोकणातही अशी मोजणी व्हावी आणि रस्त्याकडेचे उरलेले वड राखावेत, अशी माझी वन खात्याला कळकळीची विनंती आहे.

– एक बागायतदार, सिंधुदुर्ग