काउन्सेलर मॅडमच्या कपाटाची किल्ली

गणिताचा तास चालू असतो. शिपाई दारात येऊन एका मुलीचं नाव घेतो आणि सांगतो, ‘काउन्सेलर मॅडमनी बोलावलंय.’ सगळा वर्ग मागे वळून बघतो. ती दप्तर बाकावरच ठेवून उठते. समुपदेशनाच्या खोलीपर्यंत पोहोचायच्या आत वर्गाने तिची निम्मी गोष्ट रचलेली असते. उरलेली मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर पुरी होते: ‘काय हो, घरचं काही आहे का तिच्या?’ विचारणाऱ्या बाईंना खरंच काळजी असते. पण हे कानावर आलं की ती मुलगी समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा तोंड उघडत नाही.

शाळेत समुपदेशक हवा की नको, हा वाद आता संपला आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात सांगितलं आहे. कामाच्या नोंदी ठेवायच्या, पण मुलांची ओळख उघड न करता, हेही त्यात आहे. नेमणुका होतील. मात्र नेमलेल्या माणसाने ऐकलेलं कुणाला सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे बहुतेक शाळांनी ठरवलेलंच नाही.

‘कुणाला सांगणार नाही ना, मॅडम?’ मूल बोलायच्या आधी हे विचारतं. ‘नाही गं, बोल तू,’ हे उत्तर पटकन जिभेवर येतं, आणि तेच सर्वांत घातक. कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असून ती दडवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहिती असूनही गप्प राहणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या मुलींवरचा अत्याचार वेळेत न कळवल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. शाळेची अब्रू झाकण्यासाठी राखलेल्या मौनाला गोपनीयता म्हणता येत नाही.

अवघड जागा वेगळीच आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी येते आणि तिचं एका मुलावर प्रेम आहे, दोघं जवळ आले आहेत, असं सांगते. तिची तक्रार नाही. तिला घरच्यांची भीती आहे, कदाचित दिवस गेल्याची धास्ती आहे. कायद्याला या वयातली संमती मान्य नाही, म्हणजे हेही कळवायचं. गर्भपाताबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी डॉक्टरांना थोडी मोकळीक दिली: मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची सक्ती नाही. समुपदेशकासाठी अशी वाट नाही. ती असायला हवी. नाहीतर अशा मुली खोलीकडे फिरकणारच नाहीत, आणि खरोखर अत्याचार सोसणारीही त्यांच्याबरोबर गप्प बसेल.

आणि पालक? मुलाने हातावर ब्लेड ओढलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर घरी कळायलाच हवं, त्याच दिवशी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क देताना जिवाच्या धोक्याचा अपवाद ठेवला आहे. पण ‘आमचा मुलगा आत काय काय बोलला ते सगळं सांगा’ ही मागणी निराळी. गणितात नापास झाल्याची लाज, आईबाबांच्या भांडणाचा त्रास, मित्राने तोडलेली मैत्री हे त्या मुलाचं आहे. ते सांगायचं की नाही, हे त्याच्याकडेच राहू द्यावं.

सांगण्याचीही रीत असते. चांगली समुपदेशक पहिल्याच भेटीत स्पष्ट करते, ‘तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल. बाकी तुला विचारल्याशिवाय कुणाला नाही.’ आणि वेळ आली की, ‘आईला आपण दोघी मिळून सांगू. सुरुवात तू करतेस की मी करू?’ अशा वेळी मूल रडतं, चिडतं, पण फसवल्यासारखं त्याला वाटत नाही.

यातलं बरंचसं शाळा आजही करू शकतात. चालू तासाला शिपाई पाठवू नये. खोलीला नुसता पडदा न लावता दार बसवावं. नोंदवही प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्यात न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवावी. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत गणवेश आणि व्हॅनच्या वेळा विचारून झाल्या, की पालकांनी एवढंही विचारावं: त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, आणि मुख्याध्यापकांनी मागितली तर मॅडमना नाही म्हणता येतं का?