रोगांचें जाळें आणि त्रिफळा

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या थोरल्या दिरांस कर्करोग झाला असून केमोथेरपी चालू आहे. ‘त्रिफळा कर्करोगावर चालतो, हें पुण्यास संगणकानें सिद्ध झालें आहे, मग हे हाल कशाला?’ असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. उत्तर लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं, म्हणून या महिन्याचा ठरलेला विषय बाजूस ठेवितों.

संशोधन खरें आहे. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांतील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं तें २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. पण त्यांत काय केलें आहे?

आपल्या खानदेशांतील रेल्वे घ्या. म्हसावदला गाडी थांबेनाशी झाली तर तेथल्याच उतारूंची अडचण. भुसावळ बंद पडलें तर मुंबई, नागपूर, इटारसी, सगळीकडची वाहतूक अडते. शरीरांतील प्रथिनें हीं अशींच लहानमोठीं स्थानकें, व त्यांचे परस्परसंबंध हे रूळ. २००७ सालीं बाराबाशी प्रभृति शास्त्रज्ञांनीं १,२८४ विकार व १,७७७ जनुकें यांचा नकाशा मांडिला. दोन विकारांस एखादें जनुक सामायिक असलें कीं त्यांच्यामध्यें रेघ ओढावयाची. तेव्हां ५१६ विकार एकाच मोठ्या जाळ्यांत गुंतलेले आढळले! त्याच सालीं हॉपकिन्स यांनीं, एका रोगास एकच कुलूप व एकच किल्ली ही समजूत अपुरी असल्याचें सांगून, औषधांचा विचारहि जाळ्याच्या दृष्टीनें करावा असें सुचविलें.

हिरडा, बेहडा व आवळकाठी या तिहींत मिळून द्रव्यें पुष्कळ. त्यामुळें हा विचार त्रिफळ्यास सहज लागू पडतो. पुण्याच्या मंडळींनीं, कोणतें द्रव्य कोणत्या प्रथिनाशीं जडण्याचा संभव आहे आणि तें प्रथिन कोणत्या रोगाशीं निगडित आहे, हें माहितीकोशांवरून ताडून पाहिलें. आयुर्वेदाच्या अभिमान्यांस यांत आपला विजय दिसतो. मलाहि क्षणभर तसेंच वाटलें, हें कबूल करितों.

परंतु नकाशांत रूळ दिसतात. गाडी धांवली कीं नाहीं, तें दिसत नाहीं. चमचाभर चूर्णांतील द्रव्य आंतड्यांतून रक्तांत किती उतरतें, यकृत त्याचें काय करितें, गांठीपर्यंत किती पोंचतें, हें त्या रेघांवरून कळत नाहीं. आणि द्रव्य प्रथिनाशीं जडलें तरी तें त्यास आवरतें कीं चेतवितें, हा प्रश्न राहतोच. पुढील प्रयोग कोठें करावा हें जाळें सुचवितें. त्यानंतर काचपात्रांतील पेशी, प्राणी आणि शेवटीं रुग्ण अशी लांब वाट असते. संस्कृत शिकतांना साध्य आणि सिद्ध यांतला भेद आम्हांकडून घोकून घेतला जाई. येथें जें साध्य आहे, त्यास वडील मंडळी सिद्ध म्हणत आहेत.

तेव्हां ताई, उपचार थांबवूं नका. त्रिफळा आधींपासून घेतला जात असेल तर तो डॉक्टरांपासून लपवूं नका, कारण कांहीं वनस्पतींमुळें इतर औषधांचें रक्तांतील प्रमाण कमीअधिक होतें. हा मजकूर वडील मंडळींस वाचून दाखवावा, आणि केमोथेरपीच्या पुढच्या तारखेस दिरांबरोबर घरांतील कोणीतरी जावें.