एक गाडी – दुकानाची आणि घराचीही

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि आठवड्याचा एकही वार असा जात नाही की कुठल्या ना कुठल्या गावात बाजार भरला नाही. कापडाचे गठ्ठे, बांगड्या, चपला, भांडी, फळे घेऊन या बाजारांना फिरणाऱ्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. गादी-रजई भरणारे, लोखंडी दारे-खिडक्या करणारे, दिवाण आणि कपाटे बनविणारे कारागीर वेगळेच. या सर्वांचा माल बोजड. मुर्तिजापूरला जाणारी शकुंतला बंद पडली. वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी रेल्वे २०२४ मध्ये आली खरी, परंतु रेल्वे माल काही बाजाराच्या ओट्यापर्यंत आणून टाकत नाही. तेव्हा रस्ता आणि गाडी, हाच आपला आधार.

आज बहुतेक जण प्रत्येक फेरीला भाड्याचा टेम्पो करतात. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या असतील तर तेच शहाणपणाचे आहे. परंतु ज्याला आठवड्यातून चार दिवस गाडी लागते, त्याने वर्षभराच्या भाड्याची बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी. आमचे मत असे की, अशा व्यापाऱ्याने छोटा टेम्पो आणि घरासाठी जुनी कार अशा दोन गाड्यांचा खर्च पोसण्यापेक्षा एक डबल केबिनची पिकअप घ्यावी. पुढे पाच माणसे, मागे माल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिकेतील पिकअप चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथील पिकअपच्या विक्रीत पहिली राहिली आहे. सुतार, गवंडी, शेतकरी तिच्यावर आठवडाभर काम करतात आणि सुटीच्या दिवशी तिच्यातूनच कुटुंबाला नेतात. मात्र ती गाडी दोन मीटरहून रुंद. आपल्या बाजारपेठेतील बोळात ती शिरणारच नाही. तिचा आकार नव्हे, तिच्यामागचा हिशेब आपण घ्यावा. आपल्याकडे आधी मेटाडोर होती, १९८८ साली टाटांची पिकअप आली, २००५ मध्ये ‘छोटा हाथी’ आला आणि महिंद्राची बोलेरो पिकअप तर आज गावोगावी दिसते. तिचाच डबल केबिनचा भाऊ म्हणजे कॅम्पर.

पिकअपचे पहिले बळ तिच्या सांगाड्यात आहे. लोखंडी चासीवर हौदा, मागे पाट्यांची स्प्रिंग. कारच्या डिकीत आणि टपावर ओझे लादले की तिची कंबर मोडते, पिकअप मात्र ओझ्यासाठीच घडवलेली असते. छोटा हाथी सुमारे पाऊण टन माल नेतो, म्हणजे पन्नास किलोची पंधरा पोती. डबल केबिनची पिकअप सुमारे एक टन, म्हणजे वीस पोती. मोठी सिंगल केबिन पिकअप दीड टनाच्याही पुढे जाते. दुसरे बळ म्हणजे उघडा हौदा. कपाट उभे करता येते, गाद्यांची थप्पी लावता येते, फाळका पाडला की दोन माणसांत माल उतरतो. तिसरे, दुरुस्ती. या गाड्यांचे मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. बाजाराच्या दिवशी गाडी उभी राहिली तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते थांबत नाही, तो बाजारही जातो.

डबल केबिनमध्ये हौदा आखूड होतो, हे मात्र लक्षात ठेवावे. सोफा-दिवाण नेणाऱ्याने शोरूमला जाताना खिशात टेप ठेवावा आणि आपला सर्वांत लांब नग मापून पाहावा. माल मावत नसेल तर सिंगल केबिनच बरी.

आता मुख्य गोष्ट. लग्नाला, दवाखान्याला, जियारतीला जाताना हौद्यात सतरंजी टाकून बायका-मुलांना बसविण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. गाडी आपली, माणसे आपली, मग हरकत काय, असे म्हटले जाते. हरकत जिवाची आहे. हौदा मालासाठी असतो. त्यात ना आसन, ना पट्टा, ना वर छत. घाटातल्या एका वळणावर सगळे रस्त्यावर फेकले जातात. आणि कायद्याची बाजूही कठोर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतील मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळाले. फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ च्या डिसेंबरात स्पष्ट केले. म्हणजे अपघात झाला तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते. वऱ्हाडाची एक फेरी वाचविण्यासाठी आयुष्याची कमाई पणाला लावू नये. म्हणूनच आम्ही डबल केबिनचा आग्रह धरतो. तिच्यातही आर.सी. बुकात जेवढ्या आसनांची नोंद तेवढीच माणसे बसवावीत आणि विमा काढताना केबिनमधल्या प्रवाशांचे संरक्षण पॉलिसीत लिहून घ्यावे.

मालाचेही तसेच. २०१९ पासून जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. एक दंड कित्येक फेऱ्यांचा नफा खाऊन टाकतो. एक सोय मात्र झाली आहे. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. कार चालविणारा मुलगा किंवा भाऊ पिकअपही कायदेशीरपणे चालवू शकतो. तसेच एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. आर.सी. बुकातला हा आकडा खरेदीपूर्वीच पाहावा.

राहिला पैशाचा प्रश्न. व्याजाच्या हप्त्यांवर गाडी घ्यायची नाही, म्हणून अनेक जण ती घेतच नाहीत आणि तेवढाच पैसा भाड्यात घालवतात. यावर भागीदारी हा जुना आणि सरळ मार्ग आहे. ज्यांचे बाजाराचे वार वेगळे आहेत अशा दोघा-तिघांनी मिळून चांगली जुनी पिकअप घ्यावी. कोणाचा वार कोणता, डिझेल कोणाचे, टायर आणि विमा कोणी भरायचा, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची, हे सारे लिहून ठेवावे. देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बकरात आहेच. आपण मात्र भावाभावात कागद कशाला म्हणतो आणि पुढे भाऊही जातो, गाडीही जाते.

शेवटी एक व्यापारी सूत्र. गाडीचा खरा नफा परतीच्या फेरीत असतो. दिग्रसहून यवतमाळला फर्निचर पोहोचविणाऱ्याने येताना प्लायवूड आणावे, आपले नसेल तर शेजारच्या दुकानदाराचे. रिकामा हौदा डिझेल तेवढेच जाळत नसला तरी पुष्कळ जाळतो आणि कमावत काहीच नाही. जाताना माल, येताना माल आणि जुम्याच्या दिवशी केबिनमध्ये घरची माणसे, एवढे साधले की ती गाडी आपल्या किमतीची भरपाई स्वतःच करील.