‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणजे नेमकं कुणाला?

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीतले एक शेतकरी थंडीताप आणि कमरेच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आले. लघवीला जळजळ होत होती, मधूनच ती लाल होत होती. उन्हातल्या कामाने होत असेल, म्हणून त्यांनी धने-जिऱ्याचं पाणी पिऊन बरेच दिवस काढले होते. बोलता बोलता कळलं, की ११ महिन्यांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचं मुतखड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. मी विचारलं, "मग आतली नळी कधी काढली?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कसली नळी?"

एक्स-रे काढला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट जसाच्या तसा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांवर नवा खडा जमला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खडा काढताना मूत्रवाहिनीला सूज येते. त्या सुजेमुळे लघवी अडू नये म्हणून आत एक मऊ, बारीक नळी ठेवतात. तिच्या दोन्ही टोकांना वेटोळं असतं, त्यामुळे ती जागची हलत नाही. तिचं काम काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. नेहमीच्या नळ्या ३ महिन्यांच्या आत काढायच्याच असतात. काढणंही सोपं आहे. मूत्रमार्गात भूल देणारी जेली घालून दुर्बिणीने काही मिनिटांत नळी निघते आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो. पण ती राहून गेली, तर तिच्यावर क्षार साचत जातात. मग ती ओढून निघत नाही, ओढली तर तुटू शकते. कधी कधी तिच्यापायी मूत्रपिंडही जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बऱ्याच जणांना या काळात फारसा त्रासच होत नाही.

अशा वेळी आम्ही डॉक्टर मंडळी पटकन म्हणून मोकळे होतो, "बघा, फॉलोअपला येत नाहीत." म्हणून मी त्यांची कागदांची पिशवी उघडली. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. खाली लिहिलेल्या सूचनेचा अर्थ एवढाच : ३ आठवड्यांनी एक्स-रे घेऊन ओपीडीत दाखवा. स्टेंट हा शब्द कार्डावर होता, पण ऑपरेशनच्या वर्णनात, तेही संक्षेपात. आणि ते ३ आठवड्यांनी गेलेही होते! पहाटेची एसटी पकडून गेले, केसपेपरच्या रांगेत उभे राहिले, मग एक्स-रेच्या रांगेत, आणि फिल्म हातात येईपर्यंत ओपीडी संपली होती. पुढच्या आठवड्यात नेमकी सुट्टी आली. त्यानंतरची तारीख ५ आठवड्यांनंतरची मिळाली, तोवर सोयाबीन काढणीला आलं होतं आणि दुखणंही थांबलं होतं. आता यात निष्काळजी कोण?

माझं म्हणणं असं आहे, की ऑपरेशननंतरचा फॉलोअप ही एक तारीख नसते, ती चार-पाच वेगवेगळी कामं असतात. त्यातली बरीचशी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने करायची गरज नसते. पण जी एक-दोन त्यांनीच करायची असतात, ती चुकली तर जिवावर बेततं. आपण मात्र सगळी कामं ‘१५ दिवसांनी दाखवा’ या एका वाक्यात कोंबतो आणि पेशंटला सगळ्यांसाठी एकाच लांबलचक रांगेत उभं करतो.

रांग लांब का, हेही समजून घेऊ. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत सर्जरी विभागाची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. उरलेल्या दिवशी तेच डॉक्टर ऑपरेशनला असतात. नवे पेशंट आणि जुने पेशंट एकाच ओपीडीत येतात. तुम्ही दुसऱ्या युनिटच्या वारी गेलात, तर बहुतेक वेळा परत पाठवलं जातं. खासगीतही फार वेगळं नाही. तालुक्याच्या गावी मोठ्या शहरातले सर्जन एखाद-दुसऱ्या शनिवारी येतात आणि त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. हे चित्र दोन-चार वर्षांत पालटेल असं मला वाटत नाही. म्हणून आहे त्या अपॉइंटमेंट कुणासाठी वापरायच्या, हे ठरवायला हवं.

टाके काढायला सर्जन लागत नाही. चेहऱ्यावरचे ५ ते ७ दिवसांनी, पोटावरचे साधारण ७ ते १० दिवसांनी, गुडघ्यावरचे १० ते १४ दिवसांनी. मधुमेह असेल तर थोडे उशिरा. विरघळणारे असतील तर काढायचेच नसतात. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही होतं. ड्रेसिंगचं तसंच. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटची आयएनआर ही रक्ततपासणी चांगल्या लॅबमध्ये गावाजवळ होऊ शकते आणि गोळीचा डोस फोनवर सांगता येतो, फक्त आयएनआर किती ते किती ठेवायचा आहे हे कार्डावर लिहिलेलं हवं. त्या आकड्याशिवाय आमच्यासारख्यांचे हात बांधलेले असतात.

याउलट, आत ठेवलेली नळी, न काढलेला ड्रेन, हाडातली तार आणि बायॉप्सीचा रिपोर्ट या गोष्टींना मालक लागतो. बायॉप्सीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिचा विसर सगळ्यात सहज पडतो. पित्ताशय खड्यांसाठी काढलं, पेशंट चौथ्या दिवशी घरी गेला, तब्येत झकास. काढलेलं पित्ताशय तपासणीला गेलेलं असतं आणि रिपोर्ट साधारण आठवडाभराने येतो. क्वचित कधी त्यात कॅन्सर निघतो. तो वेळेत कळला तर पुढचे उपचार करता येतात. पण रिपोर्ट विभागातच पडून राहतो आणि घरचे समजतात, ‘काही असतं तर कळवलं असतं की!’ तसं धरून चालू नका. रिपोर्टसाठी पेशंटने प्रवास करायची गरज नाही. शहरातला भाचा-पुतण्या कागद घेऊन गेला, रिपोर्ट घेतला आणि सर्जनना दाखवला, तरी काम झालं.

फोनवर सल्ला देणं कायदेशीर आहे का, अशी शंका अजूनही काही सहकारी काढतात. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी ६ महिन्यांच्या आत दूरस्थ सल्ला देणं हे फॉलोअपच धरलं जातं. जखमेचा फोटो दिवसाउजेडी, स्वच्छ काढून पाठवला, तर अनेक चकरा वाचतात. अर्थात, फुगलेलं पोट फोटोत तपासता येत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र ना फोटो, ना तारीख. ताप, जखमेतून पू, टाके उसवणं, सतत उलट्या आणि वायूही न सरणं, लघवी बंद होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं. यातलं काही झालं तर ओपीडीचा वार बघू नका. अपघात विभाग २४ तास उघडा असतो, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत कधीही होऊ शकतो. आजकाल तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी सोडतात, म्हणजे तो बहुधा घरीच दिसणार.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी, बिल आणि गाडीची धावपळ सुरू व्हायच्या आधी, सिस्टर किंवा निवासी डॉक्टरांना गाठा आणि विचारा. शरीरात काही ठेवलंय का, आणि ते जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत काढायचं? कुठला रिपोर्ट यायचा आहे का? टाके गावात काढले तर चालतील का? उत्तरं कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या. युनिटचं नाव, ओपीडीचा वार आणि वॉर्डचा फोन नंबरही. ऑपरेशन महात्मा जोतिबा फुले योजनेतून झालं असेल, तर आरोग्यमित्राला भेटूनच निघा. पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा सल्ला आणि औषधं येतात. त्यानंतर करायच्या कामाचं, म्हणजे नळी काढण्याचं वगैरे, काय होणार हे त्याच दिवशी विचारून ठेवा. कागद हरवले तर घाबरू नका. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आता थोडं आमच्याच लोकांबद्दल. गावातले डॉक्टर दुसऱ्याच्या ऑपरेशनला हात लावायला कचरतात. "ज्यांनी केलं त्यांच्याकडेच जा." भीती मला कळते. टाका काढला आणि पू आला, तर नाव याचं होतं. पण सर्जनची दोन ओळींची चिठ्ठी असली की ही भीती निम्मी होते, आणि ती चिठ्ठी लिहायला आम्हा सर्जनांना वेळ नसतो. आपलं काम कसं झालं हे सर्जनने स्वतः बघावं, हा मुद्दा खराच आहे, त्याशिवाय आम्ही शिकणार कसे? पण सुकलेला हर्नियाचा टाका बघून मी गेल्या वीस वर्षांत नवं काही शिकलेलो नाही, आणि त्याच ओपीडीत बाहेर बसलेला नळीवाला पेशंट त्या दिवशी नंबर न लागता परत गेला असेल. ‘गरज पडल्यास दाखवा’ हे मीही वर्षानुवर्षं लिहीत आलो. गरज पडली हे पेशंटने कसं ओळखायचं, ते मात्र कधी लिहिलं नाही.

त्या शेतकऱ्यांना मी स्वतः युरॉलॉजिस्टना फोन करून पाठवलं. आधी ताप उतरवावा लागला, मग दोन टप्प्यांत ऑपरेशन करून खडा फोडला आणि नळी निघाली. मूत्रपिंड वाचलं, पण त्या बाजूचं काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात एक साधी वही आहे. आमच्याकडे महिन्यातून दोनदा युरॉलॉजिस्ट येतात, त्यांनी ठेवलेली प्रत्येक नळी त्यात चढते : नाव, तारीख, काढायची शेवटची तारीख आणि दोन फोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्याचा. सिस्टर दर सोमवारी वही बघतात. या आठवड्यात दोन नावं होती. एक जण येऊन गेले. दुसऱ्यांचे दोन्ही फोन बंद लागतायत, म्हणून त्यांच्या गावच्या आशाताईंना निरोप दिलाय.